कापून टाकलेला अर्धा इंच

भाऊजी,

तुम्हाला जाऊन पाच आठवडे होत आले आणि या पाच आठवड्यांत मी सलग पाच मिनिटं एका जागी बसलेली नाही. मसाल्याचे डबे तीनदा लावून झाले. एकदा उंचीप्रमाणे, एकदा वापराप्रमाणे आणि तिसऱ्यांदा कशाप्रमाणे ते मलाच आठवत नाही, त्यामुळे जिरं अजून सापडलेलं नाही. हॉलमधला सोफा खिडकीखालून दाराशी गेला, तिथे अडतो म्हणून परत खिडकीखाली आला. अनया कॉलेजातून येते, दारातच थांबते आणि म्हणते, "आई, प्लीज, जस्ट सिट डाउन." मी म्हणते, "बसलेच आहे की गं," आणि म्हणता म्हणता उठते. तुमचे बंधू पहाटे सित्र्याला जाणारी कंपनीची बस पकडतात, संध्याकाळी येतात आणि सोफा त्या दिवशी ज्या भिंतीला असेल त्या भिंतीशी जाऊन बसतात.

इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी तुमच्यावर लिहून द्या, असा निरोप आलाय. "दोनशे शब्द पुरेत वहिनी, आणि एक पासपोर्ट साइझ फोटो." लिहायला घेतलं. जन्म मिरजेचा, छपाईचा डिप्लोमा, मग बहरीन, मनामाच्या एका प्रेसमध्ये ऑफसेट मशीनवर सुरुवात आणि शेवटी सगळ्या प्रेसचे सुपरवायझर. एवढं लिहून पेन खाली ठेवलं. हे सगळं तुमच्या रेसिडेंट कार्डावर आणि नोकरीच्या कागदांवर होतंच, आणि ते कार्ड तुमच्या भावानं जमा करून टाकलं. त्यात तुम्ही कुठे होतात?

म्हणून दोनशे शब्दांचा नाद सोडला. जे सांगायचंय ते तुमच्याशीच बोलायला हवं, आणि मंडळातल्या सगळ्यांनी ते वाचायलाही हवं. बोलायचं एकाशी आणि ऐकायचं सगळ्या सभागृहानं, ही पद्धत नाटकात चालते असं तुम्हीच सांगायचात.

तर ती जाहिरात.

मी तिला पहिल्या दिवसापासून पोस्टर म्हणत आले आणि तुम्ही पहिल्या दिवसापासून मला अडवत आलात.

"पोस्टर नाही वहिनी, जाहिरात."

"अहो, भिंतीला चिकटवतात ते पोस्टरच."

"ज्यांनी चिकटवायला छापलं ते जाहिरात म्हणायचे. त्यांचं ऐकायचं का तुमचं?"

आपलं लग्नानंतरचं पहिलं भांडण हे. म्हणजे माझं लग्न झाल्यानंतरचं. तुम्ही लग्न केलंच नाहीत, त्यामुळे भांडायला हक्काची मीच होते.

वाचणाऱ्यांतल्या बहुतेकांनी ती नीट पाहिलेली नाही, म्हणून सांगते. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचा शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून छापलेला जाड, पिवळा पडलेला कागद. वर ढगात सरस्वती, तिच्या मोराचा चेहरा जरा रागीट. दोन्ही कडांनी वरपासून खालपर्यंत उतरत गेलेली वेलबुट्टी, पान पान वेगळं. मधे कमानीत नायिका उभी, अर्थात नायिका म्हणजे त्या काळी कुणीतरी बाप्याच. लाल रंग छापताना दगड केसभर सरकलेला, म्हणून तिच्या ओठांचा रंग हनुवटीवर उतरलाय. "पान खाऊन पुसलं नाही मेलीनं," असं मी म्हणायचे. खाली ठसठशीत अक्षरांत "संगीत कुमुदिनीस्वयंवर". नाटक कंपनीच्या नावाचा पहिला शब्द कसरीनं खाल्लेला, उरलं ते नुसतं "नाटक मंडळी". आणि तळाला सूचना. खेळ बरोबर नऊ वाजता सुरू होईल. स्त्रियांकरिता बसण्याची निराळी सोय केली आहे. तान्ही मुले रडल्यास त्यांस बाहेर न्यावे लागेल. वन्समोरचा आग्रह कोणी धरू नये.

त्या नाटकाची वही तुम्हाला कुठेच मिळाली नाही. दर सुट्टीत पुण्याला विचारायचात, मिरजेला विचारायचात. पदं नाहीत, गोष्ट नाही, कुमुदिनीनं शेवटी कुणाला माळ घातली तेही कुणाला माहीत नाही. "नाटक गेलं आणि आमंत्रण राहिलं," असं तुम्ही म्हणायचात, आणि एवढं म्हणून हसायचात. मला मात्र त्या कुमुदिनीचं काय झालं याची चुटपुट लागायची.

त्या सूचनांची भाषा तुम्ही घरात आणलीत. मी नवी नवी बुसैतीनच्या या फ्लॅटमध्ये आले तेव्हा दिवसभर एकटी असायचे. समोर वाळू, वर विमानं, आणि शेजारीण बोलायची ती अरबी मला कळायची नाही. रडून डोळे सुजले होते तेव्हा एका सकाळी फ्रिजवर तुमच्या वळणदार अक्षरातला कागद लावलेला. "आज रात्री बरोबर आठ वाजता वहिनींच्या आमटीचा दुसरा प्रयोग. पहिल्या प्रयोगास मीठ अनुपस्थित होते, ते या खेपेस खास मिरजेहून बोलावले आहे. प्रेक्षकांनी ताटे वाजवू नयेत." मी रडत होते ते हसायला लागले, आणि हसता हसता आमटी पुन्हा बिनमिठाची केली. त्यानंतर अनयाचं बारसं, तुमच्या भावाचं प्रमोशन, माझी ड्रायव्हिंगची चौथी टेस्ट, सगळ्यांच्या जाहिराती फ्रिजवर लागल्या. चौथ्या टेस्टच्या जाहिरातीत "पादचाऱ्यांकरिता निराळी सोय केली आहे" असं होतं. मी ती फाडली होती. आता हळहळते.

ही जाहिरात तुम्ही पुठ्ठ्याच्या नळीत ठेवायचात आणि वर्षातून एकदा, दिवाळीत, मुलगी दाखवायला काढावी तशी बाहेर काढायचात. टेबल पुसायचं, हात धुवायचे, पंखा बंद. मग तुमचं व्याख्यान. "दगडावर उलटं लिहावं लागतं, वहिनी. आरशात दिसतं तसं. तेलकट शाईनं. चुकलं तर दगड घासा आणि पुन्हा पहिल्यापासून. आणि रंग जेवढे, तेवढे दगड." मग आवाज खाली आणून तुम्ही मुख्य गोष्टीवर यायचात. हा दगड तुमच्या पणजोबांनी लिहिलेला आहे.

आपल्या घरातली ही सर्वांत जुनी गोष्ट, आणि घरातली गोष्टीवेल्हाळ म्हणून मिरवणारी मी, तीच तेवढी मला पटायची नाही. पणजोबा एका शिळाप्रेसमध्ये अक्षरं लिहायला होते. जाहिरातीवर मालकाचं नाव यायचं, लिहिणाऱ्याचं कोण छापणार? तर पणजोबांनी मालकाचं लक्ष नसताना कडेला, वेलीच्याही बाहेर, मुंगीएवढ्या अक्षरांत स्वतःचं नाव उभं लिहून टाकलं. मालकाला आयुष्यभर कळलं नाही.

"भाऊजी, प्रत्येक घरात असा एक पणजोबा असतो," मी म्हणायचे. "माझ्या माहेरच्या पणजोबांनी एका पंगतीत अठरा पुरणपोळ्या खाल्ल्या. त्याला निदान साक्षीदार तरी होते."

"मग बघा ना. हे घ्या भिंग." तुमच्या किल्ल्यांच्या जुडग्यात ते प्रेसमधलं भिंग कायम असायचं.

"बघते हं नंतर. दूध उतू जाईल."

दूध, कुकर, अनयाचा अभ्यास, दारात आलेला गॅसवाला. दर दिवाळीला माझ्याकडे नवं कारण असायचं. खरं कारण सांगू? तुम्हाला चिडवण्यात मजा होती. नाव दिसलं असतं तर चिडवणं संपलं असतं.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तुम्ही लीव्हवर मिरजेला गेलात. इथल्या ऑगस्टची दमट हवा तुम्हाला माहीत आहे, पापडसुद्धा डब्यात घाम गाळतो. तुमच्या खोलीतल्या एसीचं पाणी कपाटात उतरलं. मी नळी उघडली तर जाहिरातीचं एक टोक ओलसर आणि तिथे बारीकशी कसर पळताना दिसली. मी घाबरले. आता, घाबरलेली मराठी बाई गल्फमध्ये काय करते? लॅमिनेशन करते. आपल्या घरात काय लॅमिनेट नाही? अनयाचा जन्माचा दाखला, माझी बीकॉमची मार्कशीट, सासूबाईंनी लिहून दिलेली मेतकुटाची कृती. इतकंच काय, एकदा तुमच्या भावाचं रक्त तपासल्याचा रिपोर्टही मी करून आणला होता. मनामातल्या त्या दुकानातला केरळी मालक मला लांबूनच ओळखतो, चेची म्हणजे ताई म्हणतो.

त्यानं कागद काचेवर पसरला आणि थांबला.

"चेची, ये तो बहुत पुराना है. पक्का करना है?"

"पक्का."

"मशीन में पूरा नहीं जाएगा. साइड से थोडा काटना पडेगा. इधर थोडा, उधर थोडा."

"कितना?"

त्यानं नखावर दाखवलं. अर्धा इंच इकडून, अर्धा इंच तिकडून.

"चलेगा ना, चेची?"

"चलेगा. यल्ला, जल्दी करो, बाहर पार्किंग नहीं है."

त्यानं दोनदा विचारलं, भाऊजी. मी दोन्ही वेळा हो म्हटलं. कापलेल्या पट्ट्या त्याच्या टेबलाखालच्या टोपलीत पडल्या आणि मी गाडीवर दंड होऊ नये म्हणून दाराकडे बघत होते.

तुम्ही आलात त्या दिवशी मी पुरणपोळी केली होती. जेवण झाल्यावर "डोळे मिटा" म्हणून ती चकचकीत, गरम गरम पापडासारखी ताठ जाहिरात तुमच्या हातात ठेवली. तुम्ही डोळे उघडलेत. मग कडेवरून अंगठा फिरवलात, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. मला वाटलं, फिनिशिंग बघताहेत. छपाईतला माणूस, बघणारच.

"छान झालंय, वहिनी," तुम्ही म्हणालात. "आता कसर लागायची नाही."

आणि मी खूश. मी आणखी एक पुरणपोळी वाढली, आणि ती तुम्ही खाल्लीत.

हॉलमध्ये लावू म्हटलं तर मात्र अडून बसलात. "हॉलमध्ये ऊन येतं. माझ्या खोलीतच बरी." तीही भिंतीवर नाही, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला. मला राग आला. एवढं करून आणलं, तर लोकांना दिसू नये? "भाऊजी, बायकोसारखी लपवून ठेवलीत की ती," असंही मी एकदा बोलून गेले. तुम्ही कपाटाचं दार लावून घेतलंत. हे भांडण आपलं अर्धंच राहिलं. दर दोन-तीन महिन्यांनी मी ते उकरायचे आणि तुम्ही उन्हाचं कारण सांगायचात. खरं तर तो हॉल उत्तरेकडे तोंड करून आहे. तिथे ऊन येतच नाही. हे माझ्या लक्षात आलं कधी, तर परवा, सोफा हलवताना.

मग मंडळानं जुन्या नाटकांचं प्रदर्शन केलं. कुणी आजोबांचा तंबोरा आणला, कुणी मखमली फेटा. अध्यक्ष स्वतः जनाबियाहून आपल्या घरी आले. "भाऊराव, तुमची ती जाहिरात हवी. आणि पणजोबांचं नाव आहे म्हणता ना कडेला? आपण वर भिंग टांगू, लोक बघतील."

"कागद फार नाजूक झालाय," तुम्ही म्हणालात. "बाहेर नाही काढता येणार."

मी चहा घेऊन येत होते. नाजूक? मी चकित झाले. आता तर त्यावर ट्रेसारखे कप ठेवता आले असते. पण तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी ट्रे खाली ठेवला आणि गप्प बसले. मला वाटलं, द्यायची नाही म्हणून थाप मारताहेत.

"भाऊराव, वर जाताना बरोबर नेणार आहात का?" अध्यक्ष हसत म्हणाले, पण त्यांना लागलं होतं. त्यानंतर मंडळात ठरूनच गेलं. नाव-बिव काही नाही, भाऊराव नुसती फुशारकी मारतात. दाखवायची वेळ आली की कागद नाजूक होतो. हे मी ऐकत होते. आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

तुम्ही गेल्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी मंडळानं शोकसभा घेतली. सगळे चांगलं बोलले. अध्यक्षही चांगलं बोलले, आणि शेवटी वातावरण हलकं करावं म्हणून म्हणाले, "भाऊरावांनी आम्हाला एकच गोष्ट कधी दाखवली नाही, पणजोबांची सही. आता ते पणजोबांनाच प्रत्यक्ष भेटले असतील, तेव्हा विचारतील, अहो, सही नक्की केली होती ना?" सभागृह हसलं. प्रेमानंच हसलं. त्यात मीही हसले, भाऊजी. पहिल्या रांगेत बसून, पदरानं डोळे पुसता पुसता हसले.

दुसऱ्या दिवशी इब्राहिमभाई आले. तुमच्या प्रेसमधले बायंडर, दापोलीचे, तुमच्याबरोबर वीस वर्षं डबा खाल्लेले. तुम्ही गेलात तेव्हा ते गावी होते. हातात खजुराचा डबा, दारातच उभे राहिले. मी पाणी दिलं, चहा दिला, आणि तुमच्या खोलीत नेलं. कपाटाचं दार उघडलं. जाहिरात दिसली तशी त्यांनी मान फिरवली.

"बंद करा भाभी. मना नाय बघवत."

"का हो? किती छान राहिलीय."

त्यांनी मान परत वळवली. "तुमाला त्यानं सांगला नाय?"

"काय सांगायचं?"

"या अल्ला," म्हणून ते तुमच्या पलंगावर बसले आणि मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लीव्हवरून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही ती प्रेसमध्ये नेलीत. जुना कागद असा गरम प्लास्टिकमध्ये दाबला की संपला, हे तुम्हा दोघांना बघताक्षणीच कळलं होतं. तरी दोन महिने जेवणाच्या सुट्टीत तुम्ही सुपरमार्केटची जुनी पत्रकं लॅमिनेट करायचात आणि इस्त्रीनं, रसायनानं, ब्लेडनं ते प्लास्टिक सोडवून बघायचात. दर वेळी शाई प्लास्टिकबरोबर वर यायची. एका पत्रकावरचा टोमॅटो अख्खाच्या अख्खा निघून आला, तेव्हा तुम्ही म्हणालात, खलास, आता मूळ कागदाला हात लावायचा नाही.

"पन प्लास्टिकचा त्याला एवढा नाय वाटला भाभी," इब्राहिमभाई म्हणाले. "नाव गेला ना. कडंचा. ता मी बघितलेला हाय माज्या डोल्यानी, भिंगातनं. त्याच्या पणजोबाचा नाव. मी वाचला पन. ता कापलान कोनी तरी."

कोणी तरी.

मी विचारलं, मला सांगितलं का नाही? इब्राहिमभाई जरा हसले. "मी बोललो त्याला, भाभीला सांग. तर म्हनाला, वहिनीला कळला तर ती रोज सकाळी चहाबरोबर सॉरी देईल, आनि मना चहा गोड लागतो."

संध्याकाळी तुमचे भाऊ सित्र्याहून आले, तशी मी दारातच धरलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"मला एवढंच माहीत होतं की त्यानं एकदा घरची इस्त्री नेली आणि ती टोमॅटोच्या रंगाची होऊन परत आली."

"आणि मंडळात खोटं का बोलले ते?"

तुमच्या भावानं बूट काढले. "खोटं कुठे बोलला? नाजूक आहे म्हणाला. प्रकरण होतंच ना तसं."

तर भाऊजी, तेव्हापासून तर मी मुळीच बसलेली नाही.

आता स्पष्टच बोलते. मला तुमचा राग आलाय. तीन वर्षं तुम्ही माझ्या आमटीला नावं ठेवलीत, माझ्या गाडी चालवण्याला ठेवलीत, मी सांगते त्या गोष्टींत दर वेळी पात्रं वाढतात म्हणून ठेवलीत. आणि जिथे ठेवायला हवी होती तिथे "छान झालंय" म्हणून पुरणपोळी खाल्लीत. लोकांनी तुम्हाला फुशारक्या मारणारा म्हटलं, तेही ऐकून घेतलंत. अहो, एकदा ओरडायचं होतंत. मी रडले असते, चार दिवस जेवले नसते, मग सॉरी म्हटलं असतं आणि तुमचा चहा थोडे दिवस अळणी झाला असता, एवढंच. चहात मीठ नसतंच, पण तुम्हाला कळलं. आता सॉरी कुणाला म्हणू? तुम्ही मला माफ केलंत की माझं रडं नको म्हणून नुसतं टाळलंत, हे मला कळायचा रस्ताच तुम्ही बंद करून गेलात. आणि तरी सकाळी उठल्यावर पहिली गोष्ट मनात येते ती ही, की जन्मात माझ्यासाठी एवढं कुणी गिळलं नसेल. मग पुन्हा राग येतो. मग मसाल्याचे डबे.

मी अध्यक्षांना फोन केला. "शुक्रवारच्या सभेत मला दहा मिनिटं हवीत."

"घ्या ना वहिनी. किस्सेच सांगा काहीतरी, लोकांना तुमचे किस्से आवडतात."

"किस्सा नाही. कबुली आहे."

"वा वा, शीर्षक छान आहे," ते म्हणाले.

परवाच्या शुक्रवारी आम्ही अर्धा तास आधी गेलो. तुमचे भाऊ, अनया, मी आणि इब्राहिमभाई. इब्राहिमभाईंना मीच म्हटलं होतं, चला, त्यांनी नवा शर्ट घातला होता. सभागृहाच्या आतल्या भिंतीवर, दिव्याच्या उजेडात, आम्ही ती जाहिरात लावली. लोक येत गेले, अरे, हीच का ती, म्हणत गेले, आणि खुर्च्यांवर जाऊन बसले. कुणी काही विचारलं नाही. तुम्ही गेलेले, तेव्हा कोण विचारणार?

मी उभी राहिले. घरी पाठ केलेलं सगळं विसरले. "ही भाऊजींची जाहिरात," मी म्हटलं. "ही मी लॅमिनेट करून आणली."

आणि मागून हसायला सुरुवात झाली. तिसऱ्या रांगेतल्या बायका तर एकमेकींना कोपर मारून हसल्या. त्यांची काय चूक? मी उभी राहिले की हसायचं असतं, ही सवय मीच इतकी वर्षं लावली. मीही सवयीनं हसणार होते. तोंड तसं झालंही होतं.

"हसू नका," मी म्हटलं. "प्लीज, आज हसू नका."

तिसऱ्या रांगेतली कोपरं खाली आली. अनया माझ्याकडे बघत होती. तिनं मला असं बोलताना कधी ऐकलेलं नव्हतं. मग मी सांगितलं. ओलं टोक, दुकान, दोनदा विचारलेला प्रश्न, दोनदा दिलेला होकार, टोपलीत पडलेल्या पट्ट्या. तुम्ही नाजूक म्हणालात ते का म्हणालात. नाव होतं. मी कापून टाकलं. भाऊजींनी फुशारकी मारली नाही, त्यांनी माझं झाकलं. एवढंच बोलले, आणि त्यात एकही पात्र वाढवलं नाही.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं. अध्यक्ष उठले. सावकाश चालत भिंतीपाशी गेले, खिशातून चष्मा काढला. मला वाटलं, आता काहीतरी सावरून घेणारं बोलतील. त्यांना ते छान जमतं. पण त्यांनी एका कडेवरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या. तुम्ही फिरवलं होतं तसंच. वेलीची पानं दोन्हीकडे मधोमध कापली गेलीत, हे त्यांना तेव्हा दिसलं.

"कुठल्या बाजूला होतं, वहिनी?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात खोच अजिबात नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "डावीकडे की उजवीकडे?"

भाऊजी, सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं आणि मला उत्तर माहीत नव्हतं. वीस-बावीस दिवाळ्या तुम्ही माझ्यापुढे भिंग धरलंत आणि मला हेसुद्धा माहीत नव्हतं.

"मला नाही सांगता येणार," मी म्हटलं. "मी कधी पाहिलंच नाही."

तेव्हा मागच्या भिंतीशी उभे असलेले इब्राहिमभाई पुढे आले. इतक्या लोकांसमोर त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं. त्यांनी हात शर्टाला पुसला आणि जाहिरातीच्या डाव्या कडेच्या खालच्या टोकाशी, प्लास्टिक जिथे संपतं त्याच्याही बाहेर, सभागृहाच्या मोकळ्या पांढऱ्या भिंतीवर बोट ठेवलं.

"हितं," ते म्हणाले. "हितनं वर, असा उभा."

आणि ते नाव त्यांनी मोठ्यानं वाचलं. अगदी सावकाश, समोर असल्यासारखं.

अध्यक्ष चष्मा सावरून त्या भिंतीकडे वाकले. मीही वाकले.